बेबीमावशींचा रकाना

माझ्या रजिस्टरला नऊ रकाने होते. क्रमांक, तारीख, सांकेतिक नाव, वय, दिलेल्या गोळ्या, परत आणलेल्या गोळ्या, तपासणी, पुढची तारीख आणि शेवटी शेरा. ते मी स्वतः पट्टीनं आखले होते आणि त्यांत कुणी भर घालावी अशी जागा ठेवली नव्हती. दहावा रकाना बेबीमावशींनी घालायला लावला. त्याच्या डोक्यावर लिहिलंय, 'खुंटी'. केंद्रात नवी मुलगी कामाला लागली की पहिल्या आठवड्यात विचारते, "मॅडम, इथे काय लिहायचं?" मग मला बेबीमावशींबद्दल सांगावं लागतं, आणि ते दोन मिनिटांत होत नाही. म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

आधी कामाविषयी थोडक्यात. कल्याण पश्चिमेला, एका शिवणक्लासच्या वर, दोन खोल्यांचं आमचं केंद्र. एचआयव्ही झालेल्यांसाठी औषधं असतात हे आता बहुतेकांना माहीत आहे. पण ज्यांना तो झालेला नाही आणि होण्याचा धोका आहे, त्यांनी तो होऊ नये म्हणून घ्यायची गोळीही असते, हे फार जणांना ठाऊक नसतं. रोज एक गोळी. आमच्याकडे ती तरुण मुलींना मिळायची. कुणाच्या नवऱ्याला लागण होती, कुणाच्या कामातच धोका होता, कुणाचा मित्रावर जीव होता पण भरवसा नव्हता. गोळी रोज पोटात जाते की नाही, एवढंच बघणं माझं काम. कारण ही गोळी सवडीनं घेऊन चालत नाही. बायकांच्या शरीरात तिचं संरक्षण चढायला दिवस लागतात आणि सलग काही दिवस चुकली की ते उतरतं.

मुलींना घरी, कामावर, जमेल तिथे जाऊन भेटणारी एक बाई हवी होती. मुलाखतीला तिघी आल्या. दोघी शिकलेल्या, फायली घेऊन. तिसऱ्या बेबी केणी. डोंबिवलीच्या खाडीकाठच्या गावातल्या, साठीला टेकलेल्या. आधार कार्डावरही 'बेबी'च. "बारसा करायचं राहून गेलं, मंग कोनी मनावर घेतला नाय," असं त्यांनी न विचारताच सांगितलं. शिक्षण चौथी. अनुभव, बावीस वर्षं दारोदार मासळी विकली.

माझ्या यादीत सात प्रश्न होते. चौथा होता, "गोपनीयतेचा काही अनुभव आहे का?" शब्द समजावून सांगावा लागला.

"म्हंजे कोनाचं कोनाला सांगायचं नाय, त्याच ना?"

"हो."

मावशींनी मला नीट बघून घेतलं. "तू कुठं रहातंस?"

मी डोंबिवलीतल्या आमच्या रस्त्याचं नाव सांगितलं.

"त्या रस्त्याला मी बावीस वरीस फिरली. ज्या घरात मासली चालते तिथं पाटी उतरवून. नि ज्या घरात चालत नाय तिथं सोललेली कोलंबी डब्यात, वर मेथीची जुडी. पाच घरं होती तसली. सासूला ठाव नाय, सून खाते. एका घरात तर सासू खायची, सुनेला ठाव नाय."

आमचे डॉक्टर हसत खुर्चीत मागे रेलले. "कुठली घरं हो, मावशी?"

मावशींनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू मुलाखत त्यांचीच चालली होती आणि ते नापास झाले होते. "ता सांगितलं त मंग तुझं काम कसं करू?"

नोकरी त्यांना मिळाली. त्या संध्याकाळी घरी येताना मी आमच्या जिन्यात थांबले आणि मजल्यावरची चारही बंद दारं बराच वेळ बघत राहिले. कुठलं असेल? मला आजही माहीत नाही. मी त्यांना पुष्कळदा, पुष्कळ मार्गांनी विचारून पाहिलं.

मावशी सगळ्यांना 'तू' म्हणायच्या. मला, डॉक्टरांना, तपासणीसाठी आलेल्या साहेबांना. खुर्चीवर बसायच्या नाहीत. जमिनीवर एक पाय दुमडून, एक उभा करून बसायच्या आणि मुलीही हळूहळू खुर्च्या सोडून त्यांच्याजवळ खाली यायच्या. त्यांच्या पिशवीत काय असायचं ते मी एकदा पाहून ठेवलं होतं: पाण्याची बाटली, जुनी छत्री, कापसाचा गुंडाळा, लिंबू, सुई-दोरा, कोरड्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. अंबाड्यात रोज फूल. अबोली, चाफा, काहीच नसलं तर तगर. फुलाशिवाय त्या केंद्रात आल्याचं मला आठवत नाही. डॉक्टरांनी त्यांना ब्लडप्रेशरची गोळी लिहून दिली होती. "मावशी, गोळी?" असं ते येता-जाता विचारायचे. "घेतली," असं मावशी मान वर न करता सांगायच्या.

कापसाची गोष्ट पहिल्याच आठवड्यातली. मावशींनी टेबलावरची गोळ्यांची बाटली उचलली, कानाशी नेली आणि हलवली.

"ही वाजतंय."

"बाटली आहे. वाजणारच."

"पोरीच्या पर्समधी वाजली का शेजारची इचारनार, कय हाय गो त्याच्यात? लपवायची गोष्ट वाजून कशी चालंल?"

वर्षभर मी त्या बाटल्या मुलींच्या हातात देत होते. मोजून, सही घेऊन. एकदाही कानाशी हलवून बघितली नव्हती. आणि काही मुली बाटली घरी नेण्याऐवजी गोळ्या कागदाच्या पुडीत का नेतात, दमट करून वाया का घालवतात, याचं मला वर्षभर कोडं होतं. त्या दिवसापासून प्रत्येक बाटलीत स्वच्छ कोरडा कापूस जायला लागला. माझ्या खरेदीच्या यादीत तो अजून पहिल्या क्रमांकावर आहे.

खुंटीचं असं झालं. मानपाड्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाणारी एक मुलगी होती. दर महिन्याला तिच्या सात-आठ गोळ्या उरायच्या. मी विचारलं की म्हणायची, "घेते ना मॅडम, रोज घेते." मावशी तिच्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "काल जेवायला कय होतं?"

मुलगी चक्रावली. "डाळभात... नाही, काल सेकंड शिफ्ट होती. डबा तसाच परत आणला."

"मंग गोली?"

ती हळूच म्हणाली, "मॅडमना सांगू नका." मॅडम तिच्यापासून चार फुटांवर बसल्या होत्या.

ती गेल्यावर मावशी मला म्हणाल्या, "तू इचारतंस 'घेतली का?' हो बोलायला पोरीला कय लागतं? मान हलवली का झालं. जेवायला कय होतं ता इचार. त्याला खोटं पटकन सुचत नाय."

पुढच्या भेटीत त्यांनी त्या मुलीला विचारलं, "शिफ्ट बदलते, जेवन बदलतं. मंग तुझं न बदलनारं कय हाय?" मुलीनं खूप विचार केला. कारखान्यात शिरताना डोक्याला जाळीची टोपी घालावी लागते. सकाळ असो, दुपार असो, टोपीशिवाय आत सोडत नाहीत. सुट्टीच्या दिवशी ती टोपी धुते.

"मंग टोपीला हात लागला का गोली. गोली अशी हवेत रहात नाय गो, तिला खुंटी लागते."

तेव्हा मी दहावा रकाना आखला. समासात, कारण दुसरीकडे जागा नव्हती. त्या मुलीपुढे लिहिलं, 'टोपी'. हळूहळू खाली नोंदी वाढत गेल्या. 'कुत्र्याला बिस्किट.' 'पाणी येतं तेव्हा.' 'सातची मालिका, जाहिरात लागल्यावर.' 'लिफ्टची वाट बघताना.' आधीच्या नऊ रकान्यांवरून मला त्या मुलींबद्दल काहीच कळत नव्हतं, हे मला या एका रकान्यानं दाखवलं. मी ते पान कधीकधी उगाचच उघडून वाचायचे.

मावशींचंही चुकायचं. मुलींनी त्यांचा नंबर 'मासेवाली मावशी' म्हणून ठेवायचा आणि मावशींनी "आज बोंबील ताजे हायत, येतंस का?" असा आवाजी निरोप पाठवायचा, म्हणजे गोळ्या न्यायची तारीख झाली, ही त्यांचीच युक्ती. बहुतेक घरांत ती उत्तम चालली. मग डोंबिवली पूर्वेची एक कॉलेजातली मुलगी रडवेल्या चेहऱ्यानं केंद्रात आली. तिच्या घरी मासेच काय, अंडंही चालत नाही. तिच्या वडिलांनी नेमका तो बोंबलांचा निरोप ऐकला होता.

"मग तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

"काय सांगणार? म्हटलं, हो बाबा, खाते मी मासे. बाबा रडले, मॅडम. म्हणाले, आमचंच काहीतरी चुकलं. मी म्हटलं, परत नाही खाणार."

"आणि तू खातेस?"

"मला वासानंसुद्धा मळमळतं."

मी हसू दाबलं. मावशी हसल्या नाहीत. "न खाल्लेल्या माशाचं पाप पोरीनं डोक्यावर घेतलं. मी इचारायला पायजे होतं, तुझ्या घरात कय चालतं." बावीस वर्षं जी गोष्ट त्या एकदाही विसरल्या नव्हत्या ती इथे विसरल्या, हे त्यांना लागलं. त्या मुलीच्या फोनमध्ये त्या 'फुलवाली' झाल्या, आणि पुढे प्रत्येकीला आधी विचारून नाव ठरायला लागलं.

आता रोशनी. नाव मी बदललंय.

रोशनी तेवीस वर्षांची, राहायला टिटवाळ्याला. नवरा शहाडजवळच्या एका कंपनीत. लग्नानंतर काही महिन्यांनी त्याच्या तपासणीत एचआयव्ही निघाला. त्यानं ते स्वतः बायकोला सांगितलं आणि तिला घेऊन डॉक्टरांकडे आला, हे त्याच्या बाजूनं मुद्दाम लिहिते. त्याची औषधं सुरू झाली. ती नीट लागू पडून रक्तातला विषाणू पुरेसा खाली यायला वेळ होता. तोवर रोशनीनं आपली गोळी घ्यायची, काळजी घ्यायची आणि मुलाचं थांबायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण घरात सासूबाई होत्या. त्यांना मुलाच्या आजाराचा पत्ता नव्हता आणि नातवंडाची घाई होती. "दर वेळी थांबणं होत नाही, मावशी," असं रोशनीनं बेबीमावशींना सांगितलं होतं. म्हणजे पुष्कळदा रोशनीच्या आणि त्या आजाराच्या मध्ये फक्त ती एक गोळी उभी होती.

पहिल्या महिन्यात तिच्या बाटलीत चार गोळ्या उरल्या. दुसऱ्या महिन्यात चार. तिसऱ्या महिन्यात पाच.

"का विसरतेस?" मी विचारलं.

"विसरले, मॅडम."

मी तिच्या मोबाइलला अलार्म लावून दिला. चौकोन आखलेला कागद दिला, गोळी घेतली की फुली मारायची. चौथ्या महिन्यात पुन्हा चार. मी शेऱ्यात लिहिलं, 'निष्काळजी'. आमच्याकडे नियम होता की सलग चार महिने गोळ्या उरत असतील तर कागद डॉक्टरांपुढे ठेवायचा आणि गोळी बंद करायची का ते ठरवायचं. नियम वाईट नव्हता. अर्धवट घेतलेल्या गोळीनं संरक्षण मिळत नाही, आणि मिळतंय असं मात्र वाटत राहतं. मी रोशनीच्या नावापुढे लाल खूण केली.

मावशींना अक्षरं सावकाश लागायची, आकडे पटकन. माझ्या खांद्यावरून त्यांनी ती ओळ पाहिली.

"चार, चार, पाच, चार," त्या म्हणाल्या. "बाई, इसरनारा मानूस असा मोजून इसरतो?"

मी पेन खाली ठेवलं.

"इसरनारीचे कवा दोन उरतील, कवा धा. हिचे दर मैन्याला चार. त्या चारींवर कोनीतरी बसलंय. लाल खूण पुसू नको, पन कागद चार दिस आत ठेव."

त्यांनी रोशनीला फोन केला. "तुझ्या दारात येऊ का?" मग ती म्हणाली, "या. पण मासेवाली म्हणून या. आणि शुक्रवारी या. शुक्रवारीच."

शुक्रवारी सकाळी मावशी कल्याणला भेटल्या तेव्हा मी त्यांना क्षणभर ओळखलं नाही. साडी कासोटा मारून, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, पाटीत मांदेली आणि बांगडे. तीन वर्षांनी पाटी उचलली होती, पण मान जराही हलत नव्हती. मला सोबत जायचं होतं. त्या चार गोळ्यांवर कोण बसलंय ते कळल्याशिवाय मला चैन नव्हतं.

"तू कय म्हनून येनार? तुझ्या तोंडावर रजिस्टर लिवलंय. खालच्या जिन्यात उभी रहा."

टिटवाळ्याची ती इमारत इतकी नवी होती की लिफ्टच्या दाराचं प्लॅस्टिकही निघालं नव्हतं. रोशनीचं घर तिसऱ्या मजल्यावर. मी दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधल्या वळणावर थांबले. वरून मावशींची आरोळी आली, दार उघडलं, आणि सासूबाईंचा आवाज ऐकू आला.

"मांदेली ताजी आहेत का? डोळे बघ त्यांचे. कालची वाटतात."

"माझे डोले बघ. मी त परवाची वाटतंय. पन हाय आजची."

सासूबाई हसल्या. भाव झाला, पाटी खाली आली.

"सून कुठं हाय तुझी? बोलव ना तिला, बांगडा दाखवतंय."

"ती गॅलरीत. बाजूला आहे. चार दिवस तिच्या हाताला काम नाही."

"किचनमधी पन जायचं नाय?"

"आमच्याकडे नाही चालत. देव किचनमध्येच आहेत. एवढ्याशा घरात दुसरीकडे कुठे मांडणार?"

"बरोबर हाय गो बाय. जागा कुठं हाय." मग जरा मोठ्यानं, आत ऐकू जाईल असं, "बरी हाय ना गो पोरी?"

आतून रोशनीचा आवाज आला. "बरी आहे, मावशी."

मासे साफ करून देऊन, हात धुऊन मावशी खाली आल्या आणि माझ्या पायरीवर टेकल्या. पाटी मांडीवर. श्वास लागला होता, चेहरा लाल झाला होता.

"गावले तुझे चार. गोल्या कुठं ठेवते ता तुना सांगितलं होतं का?"

मला रजिस्टर उघडायची गरज नव्हती. माझ्याच अक्षरात होतं, 'किचन, तांदळाच्या डब्यामागे'.

मला ही रीत माहीत नव्हती असं नाही. लग्नाआधी मीही महिन्याचे ते दिवस बाजूला बसले आहे, वेगळ्या चटईवर, वेगळ्या पेल्यानं पाणी पीत. पण ते माहीत असणं एका वहीत होतं आणि रोशनीच्या गोळ्या दुसऱ्या वहीत. दोन्ही वह्या माझ्याच होत्या. आणि नेमकं वाईट हे की चौथ्या दिवशी न्हाऊन ती घरात मिसळायची, नवऱ्याजवळ जायची, तेव्हा गोळीचं संरक्षण सगळ्यात खाली गेलेलं असायचं.

परतताना मी मावशींना विचारलं, "तुम्ही सासूला दोन शब्द का नाही सुनावलेत?"

"ती लढाई रोशनीची. ती लढंल तवा लढंल. तवर गोली थांबंल कय?"

पुढच्याच आठवड्यात रोशनी केंद्रात आली. मी तिला खुर्ची दिली, ती मावशींजवळ खाली बसली. मीही खाली बसले. पहिल्यांदाच.

"मला का नाही सांगितलंस?"

"मॅडम, तुम्ही विचारलंत, का विसरलीस. मी विसरले नव्हते. मी गॅलरीत बसून त्या डब्याकडे बघत होते. सासूबाईंनी तांदूळ काढायला डबा हलवला की माझा जीव वर-खाली. ह्यांना काढून द्या म्हणावं, तर किचनमध्ये सासूबाई. आणि पाळीचं, इथे, सगळ्यांसमोर कसं बोलायचं? म्हणून शुक्रवारी बोलावलं. म्हटलं, मावशींना दिसेल."

डॉक्टर रागावले नाहीत. "आज तपासणी करू आणि सहा आठवड्यांनी पुन्हा करू," एवढंच म्हणाले. बोटातून रक्त घेतलं. निकालाला वीसेक मिनिटं लागतात. रोशनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. मी बाटल्या एका रांगेत लावल्या, मोडल्या, परत लावल्या. मावशी कापसाचे बोळे करत होत्या. त्यांनी त्या वीस मिनिटांत निकालाबद्दल एक अक्षर काढलं नाही.

"बाजूला बसतंस तवा तुझ्या हाताशी कय असतं?" त्यांनी विचारलं.

"चटई. ताट, पेला. मोबाइल." रोशनी थांबली. "आणि पॅडची पिशवी. काळी. गॅलरीतल्या खिळ्याला असते, टॉवेलच्या मागे."

"ती कोन उघडतं?"

रोशनीला हसू आलं. त्या महिन्यांत मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. "ती? मावशी, ती पिशवी दिसली तरी सासूबाई तोंड फिरवतात. आणि हे तर तिच्या बाजूनं जातसुद्धा नाहीत."

"झालं त मंग!" मावशींनी मांडीवर थाप मारली. "घरात एकच जागा हाय जिथं कोनाचा हात जानार नाय. नि तू गोली ठेवलीस देवाशेजारी, सगल्यांच्या नाकासमोर!"

डॉक्टरांनी दार उघडलं आणि रोशनीला आत बोलावलं. मग ती बाहेर आली, मावशींच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि म्हणाली, "नाही आहे. नाही आहे, मावशी." मावशींच्या हातातला कापूस तिच्या केसांना चिकटला.

सहा आठवड्यांनंतरचा निकालही तोच आला. बाटली तोवर काळ्या पिशवीत गेली होती, तीसही दिवसांसाठी. सकाळी अंघोळीला टॉवेल काढला की पिशवी, पिशवी की गोळी. दहाव्या रकान्यात मी लिहिलं, 'काळी पिशवी'. पुढच्या महिन्यात बाटली रिकामी आली. मी ती उलटी करून कापूससुद्धा बाहेर काढून पाहिला. मग 'निष्काळजी' या शब्दावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'चूक माझी'. माझ्या रजिस्टरमधली ती एकमेव खाडाखोड.

पुढे नवऱ्याचे रिपोर्ट चांगले आले, डॉक्टरांनी मुलासाठी हो म्हटलं, आणि रोशनीला मुलगी झाली. तिघांचं सगळं ठीक. रोशनीनं आम्हाला पेढे आणले. मासेवाल्या मावशींसाठी सासूबाईंनी वेगळा पुडा दिला होता.

मुलगी दीड वर्षाची असताना बेबीमावशींना लकवा मारला. उजवा हात आणि उजवीकडचं तोंड. रोशनी आणि मी त्यांना बघायला खाडीकाठच्या घरी गेलो, मुलीला घेऊन. मावशी खाटेवर बसलेल्या. त्यांची लेक उरणहून आली होती. भिंतीला ती पाटी टांगलेली. लेकीनं ती उतरवून माझ्यापुढे ठेवली. पाटीत ब्लडप्रेशरच्या गोळ्यांच्या पट्ट्या होत्या. कितीतरी, न फोडलेल्या. मी मोजायला लागले. सवय.

"मॅडम, राहू द्या," रोशनी म्हणाली. ती खाटेजवळ खाली बसली, एक पाय दुमडून, एक उभा करून. "मावशी, काल जेवायला काय होतं?"

मावशींनी तिच्याकडे टक लावून पाहिलं. मग अर्ध्या तोंडानं हसल्या. "माजंच मासलीचं जालं माज्यावर टाकतंस गो?" शब्द जड येत होते. "मना... कोन इचारतंय."

डॉक्टर विचारत होते, मी विचारत होते. 'घेतली का' असंच विचारत होतो.

"तुमचं न चुकणारं काय आहे?" रोशनीनं विचारलं.

मावशींनी डाव्या हातानं उजवा हात उचलून दाखवला आणि सोडून दिला. काही उरलं नाही, असं सांगायचं होतं त्यांना. पण लेक म्हणाली, "फूल चुकत नाही तिचं. अंग धुतलं की आधी फूल. डाव्या हातानं लावते, वाकडं लागतं, पण मला हात लावू देत नाही."

रोशनीनं एक पट्टी उचलली आणि खिडकीतल्या पिनांच्या डबीत ठेवली. "आधी गोळी, मग फूल."

मावशी आमच्या यादीत नव्हत्या. तरी रजिस्टरच्या शेवटच्या पानावर मी त्यांचं नाव लिहिलं आणि फक्त दहावा रकाना भरला. रोज सकाळी मी फोन करायचे आणि विचारायचे, "आज कुठलं फूल?" "तगर," त्या सांगायच्या. किंवा "चाफा." एकदा "कन्हेर, दुसरं कय मिलालंच नाय," असं वैतागून.

दोन महिन्यांनी लेक त्यांना उरणला घेऊन गेली. मी निरोप द्यायला गेले तेव्हा टेम्पो सुरूच झाला होता. मागे गाद्या, भांडी, वर उलटी बांधलेली पाटी. मावशी पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी. मी हात हलवत टेम्पोमागे चार पावलं गेले आणि ओरडून रोजचा प्रश्न विचारला. इंजिनच्या आवाजात त्यांना तो ऐकू जाणं शक्य नव्हतं.

खिडकीतून त्यांचं डोकं बाहेर आलं. मग डावा हात आला, वळून मागे गेला, आणि एक बोट अंबाड्यातल्या फुलावर टेकलं. अबोली होती. वाकडी लागलेली.